नगर परिषदेच्या पैशातून मार खाणाऱ्या बाईसाठी काय उभं करता येतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई बीड जिल्ह्यातल्या एका लहान नगर परिषदेत पहिल्यांदाच निवडून आल्यात आणि महिला व बालकल्याण समितीच्या सभापती आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मध्यंतरी रात्री उशिरा एक बाई दोन लेकरं घेऊन त्यांच्या दाराशी आली. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं. ताईंनी तिला चार रात्री स्वतःच्या घरात ठेवलं. सासरचे येऊन दारात आरडाओरडा करून गेले आणि शेवटी बाई परत नांदायला गेली. आता ताईंना शहरात निवारागृह काढायचंय. मुख्याधिकारी म्हणतात, यासाठी हेडच नाही, म्हणजे अंदाजपत्रकात या खर्चाचं खातंच नाही. समितीच्या पैशातून दरवर्षी शिलाई मशिनी मात्र वाटल्या जातात. तर नगर परिषदेच्या पैशातून निवारागृह होतं का, आणि होत नसेल तर पैसा आणायचा कुठून?

मी बरीच वर्षं मराठवाड्यात महिला समुपदेशन केंद्रांवर काम केलंय. बायकांशी बोलणं हे जसं माझं काम होतं, तसेच प्रस्ताव, करारनामे, उपयोगिता प्रमाणपत्रं आणि ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं हेही माझ्याच टेबलावर असायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

ताई, आधी तुमच्या दारात नेमकं काय कमी पडलं ते पाहू. त्या बाईला पहिली रात्र काढायला जागा हवी होती, पण ती नगरसेविकेच्या घरी नको होती, कारण तो पत्ता सगळ्या गावाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत ग्रामीण रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात जाणारं कुणीतरी हवं होतं. कोर्टाचा अर्ज भरून द्यायला माणूस हवा होता. आणि लेकरांच्या दुधाला, एसटीच्या तिकिटाला हातात चार पैसे हवे होते. यातलं काहीच नव्हतं, म्हणून चार रात्रींनंतर तिला परतीचीच वाट उरली. यातल्या एकाही गोष्टीला पन्नास खाटांची इमारत लागत नाही, आणि यातली प्रत्येक गोष्ट नगर परिषदेच्या आवाक्यातली आहे. सहा महिने, वर्षभर राहायची सोय ही मात्र वेगळी गोष्ट. ती जिल्ह्याच्या पातळीवर मागायची असते. हे दोन खर्च एका प्रस्तावात घातले की मुख्याधिकाऱ्यांना नाही म्हणणं सोपं जातं.

निवारागृह तुमच्या शहरात काढू नका, असं मी का म्हणते तेही सांगते. पहिलं कारण गुप्ततेचं. पंचवीस-तीस हजारांच्या गावात कुठल्या घरात अनोळखी बायका राहतात हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतं. नवरा, दीर, भावकीतले चार लोक तासाभरात दारात उभे राहतात. दुसरं कारण माणसांचं. निवारागृह चोवीस तास चालतं. अधीक्षिका, स्वयंपाकीण, पहारेकरी, रात्रपाळीची बाई, लेकरांकडे बघणारी कुणीतरी, आणि यातलं कुणी सुट्टीवर गेलं तर बदली माणूस. महिन्यात आठ बायका आल्या काय आणि एकही आली नाही काय, हा पगार चुकत नाही. एका शहराच्या समितीला तो दरमहा पेलत नाही. अंबाजोगाईत शैला लोहियांनी मनस्विनीतून टाकून दिलेल्या, मारझोड सोसणाऱ्या बायकांसाठी काम उभं केलं, ते मराठवाड्यात आजही आदराने सांगितलं जातं. पण त्यामागे वर्षानुवर्षं तिथे तळ ठोकून राहिलेली माणसं होती. इमारत बांधून झाली म्हणून तशी माणसं आपोआप मिळत नाहीत. मी बांधून कुलूपबंद पडलेल्या इमारती पाहिल्यात, आणि त्याच तालुक्यात बाई बसस्थानकावर रात्र काढताना पाहिलीय.

तिसरं कारण अधिक महत्त्वाचं. पुष्कळ बायकांना घर सोडायचंच नसतं. लेकरांची शाळा, शेळ्या, मजुरीची ओळखीची ठिकाणं, सगळं तिथेच असतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ ने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय आणि कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायलाही सांगू शकतं. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध' हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात स्पष्ट केलंय की घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी ती तिथे नांदत असेल तर ते तिचं सामायिक घर ठरू शकतं. अर्थात एका वाड्यात सगळी भावकी राहते तिथे नुसता कागद पुरत नाही. पोलिसांनी लक्ष ठेवावं असा आदेशही त्याच अर्जात मागावा लागतो, आणि कोर्टाला तो देता येतो. सांगायचा मुद्दा असा की बाईला घराबाहेर काढून कुठेतरी ठेवण्यापेक्षा चांगला अर्ज आणि त्यामागे धावणारी एक समुपदेशक हा कितीतरी स्वस्त आणि बरेचदा बाईला हवा असलेला मार्ग असतो. जिथे जिवालाच धोका आहे, तिथे अर्थातच आधी बाहेर काढायचं, अर्ज नंतर.

आता पैशाकडे येऊ. 'हेड नाही' हे उत्तर अर्धवट आहे. नागरी संस्थांनी अंदाजपत्रकात ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी ठेवायची असते. शिलाई मशिनी त्यातूनच येतात. हे पाच टक्के कोणत्या रकमेवर काढले आणि मागच्या तीन वर्षांत ठेवलेल्यातले खर्च किती झाले, हे लेखापालांकडून लेखी घ्या. तुम्ही सभापती आहात, तुम्हाला ते मागण्याचा अधिकार आहे. माझ्या अनुभवात गळती याच दोन ठिकाणी होते: आकडा मुळात कमी धरला जातो, आणि धरलेला मार्चअखेर घाईघाईने एखाद्या खरेदीत उडवला जातो. खरेदीची फाईल सोपी असते. कोटेशन, बिल, वाटपाचा फोटो, झालं. सेवेची फाईल वर्षभर सांभाळावी लागते, म्हणून कुणाला ती नको असते. मुख्याधिकारी वाईट आहेत असं नाही, त्यांच्यासमोर कुणी नीट मांडलेला प्रस्ताव ठेवलेला नसतो.

ग्रामीण भागाचं उदाहरण तुमच्या प्रस्तावात द्या. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीला स्वउत्पन्नाच्या १० टक्के निधी असतो आणि त्यातल्या योजना दोन गटांत आहेत. एक प्रशिक्षण आणि सक्षमीकरणाचा, दुसरा वस्तू देण्याचा. महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवणं हे पहिल्या गटातलं मान्य काम आहे. कित्येक पंचायत समित्यांच्या आवारात अशी केंद्रं चाललीत. मग शहरातल्या बाईसाठी तेच काम नगर परिषदेने का करू नये, एवढाच तुमचा मुद्दा ठेवा. ठरावात 'निवारागृह' लिहू नका. 'कौटुंबिक हिंसाचारग्रस्त महिलांसाठी समुपदेशन, विधी सहाय्य व तातडीची मदत केंद्र' असं लिहा. पहिल्या शब्दाने डोळ्यांसमोर जागा, बांधकाम आणि नोकरभरती येते, आणि आस्थापना खर्च वाढवायला कुठलाही मुख्याधिकारी तयार होत नाही. केंद्र संस्थेमार्फत करारावर चालवायचं म्हटलं की तो अडसर राहत नाही.

आकडा कसा मांडायचा ते दाखवते. समजा तुमच्या समितीच्या वाट्याला वर्षाला १० लाख येतात. पूर्णवेळ समुपदेशक, समाजकार्याची पदवी असलेली, महिना २०,००० प्रमाणे वर्षाचे २,४०,०००. आठवड्यातून दोनदा बसणारी वकील, महिना ८,००० प्रमाणे ९६,०००. पहिल्या रात्रींसाठी दोन खोल्यांचं भाडं, महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. रात्रसोबत करणाऱ्या बायकांचं मानधन, जेवण, औषध, लेकरांचं दूध यासाठी १,००,०००. गाडीभाडं आणि बाईच्या हातात द्यायची तातडीची रक्कम ८४,०००. फोन, छपाई, प्रशिक्षण ४०,०००. एकूण ६,२०,०००. उरतात ३,८०,०००, त्यात मशिनी वाटा. तुमच्या सहकारी नगरसेवकांना वाटपाचा कार्यक्रम हवाच असतो. तो पूर्ण बंद करायला निघालात तर ठराव पडेल. तुमच्या शहरातलं भाडं, पगार वेगळे असतील, हे आकडे बदला. पण पगाराचा आकडा कमी करू नका. आठ हजारांत समुपदेशक मिळते, पण चार महिन्यांत सोडून जाते, आणि तिच्यापाशी मन मोकळं केलेल्या बायका पुन्हा नव्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत.

वकिलाबद्दल एक खुलासा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती तुमच्या तालुका कोर्टातच असते. मग ८,००० कशाला? कारण तिथपर्यंत जायच्या आधी घटनांच्या तारखा, उपचाराचे कागद, लग्नाचा पुरावा, नवऱ्याच्या कमाईचा अंदाज हे सगळं जुळवावं लागतं. अर्ज ढिला असला की पोटगीचा अंतरिम आदेश लांबतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा म्हणतो की पहिली तारीख अर्जापासून तीन दिवसांत लागावी आणि शक्यतो साठ दिवसांत निकाल व्हावा. प्रत्यक्षात असं क्वचित होतं, म्हणून कलम २३ खालचा अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागायची तयारी ठेवावी लागते.

पहिल्या रात्रींच्या खोल्यांबद्दल. त्यांच्यावर पाटी लावू नका, उद्घाटन करू नका. भाडेकरार संस्थेच्या नावाने करा. जागा बसस्थानकापासून फार लांब नको आणि पोलीस ठाण्याला लागूनही नको. खाली घरमालकीण राहते अशी माडी मला सगळ्यात बरी वाटते. आत दोन पलंग, गॅस, आतून घट्ट लागणारी कडी, लेकरांचे कपडे आणि सॅनिटरी पॅडचं एक कपाट, एक साधा चार्जर. चार्जर मुद्दाम लिहिते, कारण बाई फोन घेऊन निघाली तरी चार्जर घेऊन निघत नाही, आणि फोन बंद पडला की माहेरशी संपर्क तुटतो. रात्रसोबतीला बचत गटातल्या दोन-तीन खंबीर बायका निवडा, ज्यांच्या घरचे या कामाला हरकत घेणार नाहीत. त्यांचं मानधन त्या-त्या महिन्यात हातात पडलं पाहिजे. शहरी बेघर निवारा आहेच की, तिथे ठेवू, असं कुणी सुचवेल. तिथे ठेवू नका. तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि पुरुषही तिथे येतात-जातात.

या खोल्यांत तीन-चार रात्रींपेक्षा जास्त कुणाला ठेवायचं नाही, हे लिहून ठेवा. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि त्याचा सगळा खर्च केंद्र सरकारचा असतो. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे जास्त दिवस राहायची सरकारी सोय. जुनी स्वाधारगृहं आणि उज्ज्वला केंद्रं एकत्र करून मिशन शक्ती या केंद्राच्या योजनेत ती आणली गेली, खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे पीडित बाईने, संरक्षण अधिकाऱ्याने (याच कायद्याखाली बाईच्या मदतीला सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थेने मागणी केली तर निवारागृहाने तिला ठेवून घेणं बंधनकारक आहे. समुपदेशकाने नुसता फोन न करता लेखी विनंती सोबत न्यावी. फोनवर 'जागा नाही' म्हणणाऱ्यांना कागद पाहिल्यावर जागा सापडते, असा माझा अनुभव आहे. मुलगा दहा-बारा वर्षांच्या पुढचा असेल तर अडचण येते. ती आधीच विचारून घ्या, नाहीतर बाई दारातून परत फिरते, कारण लेकराला एकटं बालगृहात टाकायला ती तयार होत नाही.

तुमच्या जिल्ह्यातली सोय पुरेशी नसेल, आणि बहुतेक ठिकाणी ती नसते, तर तिची मागणी जिल्हा नियोजन समितीकडे लावा. २०२१ मध्ये राज्याने जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा निर्णय घेतला. समितीवरचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात, अशी राज्यघटनेतलीच तरतूद आहे. म्हणजे तुमच्यासारख्याच लोकांमधले. प्रस्ताव जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांमार्फत जातो. तो त्यांच्याकडे एकट्या तुमच्या शहराचा म्हणून पाठवू नका. शेजारच्या दोन-तीन नगर परिषदांच्या सभापतींना सोबत घ्या आणि सगळ्यांचा एकच ठराव असू द्या. लक्षात असू द्या की मार्च २०२२ नंतर आपल्याकडच्या जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. समित्याच नव्हत्या, त्यामुळे हा पैसा मागणारा आवाजही नव्हता. सवय मोडलीय, ती पुन्हा लावावी लागेल.

आता हद्दीचा प्रश्न, कारण ऑडिटला पहिला आक्षेप याच्यावर येतो. तुमच्या केंद्रात येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका आजूबाजूच्या खेड्यांतल्या असतील. कुणाचं सासर खेड्यात आणि माहेर तुमच्या शहरात, कुणाचं उलट. लेखापरीक्षक विचारतो की हद्दीबाहेरच्या व्यक्तीवर नगर परिषदेचा पैसा का खर्च केला. यावर दोन उपाय आहेत. नोंदवहीत 'कायमचा पत्ता' याच्या जोडीला 'सध्याचा मुक्काम' असा रकाना ठेवा. माहेरी आलेली लेक तुमच्याच शहरात राहते. दुसरं, पंचायत समितीशी खर्चवाटपाचा करार करा. जिल्हा परिषदेच्या १० टक्क्यांतून समुपदेशकाचा पगार आणि तुमच्याकडून जागा, वकील, तातडीची मदत, अशी विभागणी बसते. ग्रामपंचायतींनाही स्वउत्पन्नातले १० टक्के याच कारणासाठी ठेवायचे असतात, आणि गाव विकास आराखड्यात महिला स्नेही गाव हा एक विषयच आहे. पण आपल्याकडच्या लहान गावांची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली पाहता ते दहा टक्के म्हणजे काही हजार रुपये भरतात. ग्रामपंचायतीकडून एवढंच मागा की रात्री बाईला तालुक्याला आणायच्या गाडीचं भाडं तिने द्यावं. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीकडे पगारासाठी बघू नका, त्यातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही.

बीडकडचा म्हणून एक विषय मला सविस्तर लिहायचाय, तो ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला तुमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती नवराबायकोला मिळून, एका कोयत्याची; जोडीलाच कोयता म्हणतात. बाईने मार खाऊन नवरा सोडला की कोयता मोडतो आणि मुकादम उचल वसूल करायला तिच्या माहेरी येऊन बसतो. म्हणजे तिच्यामागे नवरा आणि सासर तर असतंच, वर कर्ज देणारा माणूसही तिला परत पाठवायच्या मागे लागतो. बाप गरीब असेल तर तोच म्हणतो, बाई, तू जा. अशा वेळी समुपदेशकाला ठामपणे सांगता आलं पाहिजे की उचलीपोटी कुणाला जबरदस्तीने कामाला लावणं हे वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ खाली गुन्हा आहे आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मुकादमाशी भांडायची गरज नसते. तहसीलमध्ये अर्ज जातोय हे त्याला कळलं की पुष्कळदा तो नवऱ्याकडून हप्त्याने घ्यायला तयार होतो. मारहाण उसाच्या फडावर, तिथल्या कोपीत (झोपडीत), दोनशे मैलांवर झाली असली तरी अर्ज तुमच्या तालुक्यात करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टालाही अधिकार आहे. पोलीस ठाण्यात 'तिकडे जा' म्हणतात तेव्हा हे कलम कामी येतं.

याचा थेट संबंध पैशाच्या वेळापत्रकाशी आहे. टोळ्या परत आल्या की एप्रिल ते जून या काळात केंद्रावर सगळ्यात जास्त बायका येतात. हिशेब होतो, पैसे हातात येतात, दारू वाढते, लग्नसराईत देण्याघेण्यावरून भांडणं पेटतात. आणि नेमकं याच काळात सरकारी पैसा बंद असतो. ३१ मार्चला करार संपलेला, नवीन मंजुरी जुलै-ऑगस्टशिवाय येत नाही. समुपदेशक बिनपगारी बसते किंवा बसतच नाही. म्हणून करार एप्रिल ते मार्च असा करू नका. १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा, आणि शक्यतो तीन वर्षांचा, दरवर्षीच्या तरतुदीच्या अधीन राहून करा. पहिला हप्ता आगाऊ, निदान चार महिन्यांचा, असं कलम त्यात घाला. कामं झाल्यावर बिल द्या ही पद्धत रस्त्याच्या ठेकेदाराला परवडते, गावातल्या संस्थेला नाही. माझ्या माहितीतली चांगली केंद्रं कामाअभावी बंद पडली नाहीत, थकलेल्या अनुदानामुळे पडली.

संस्था निवडताना तिची याच कायद्याच्या कलम १० खाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी आहे का, हे बघा. ती असेल तर घटनेचा अहवाल तीच नोंदवून कोर्टाला आणि संरक्षण अधिकाऱ्याला पाठवू शकते. नसेल तर संरक्षण अधिकाऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, आणि तो बहुतेकदा दुसऱ्या चार कामांत अडकलेला असतो. २० मे २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमायला आणि निवारागृहं निश्चित करायला मुदत घालून दिली होती. त्या आदेशाचा हवाला देऊन तुमच्या तालुक्याचा अधिकारी कोण, हे लेखी विचारा. नाव आणि फोन नंबर केंद्राच्या भिंतीवर लागला पाहिजे.

करारात दोन गोष्टी तुम्ही स्वतः अडून घालून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. पहिली नाव-फोटोची. ऑडिटला लाभार्थ्यांची यादी लागते, आधार क्रमांक लागतात, फोटो लागतात. इथे ते चालणार नाही. प्रत्येक बाईला क्रमांक द्यायचा, नावाची वही समुपदेशकाच्या कुलपात, आणि लेखापरीक्षकाने पाहायची असेल तर केंद्रात बसून पाहायची, झेरॉक्स न्यायची नाही. खर्चाच्या पावतीवर क्रमांक. हे आधी करारात लिहिलं तर आक्षेप येत नाही. नंतर सांगायला गेलात तर वसुली निघते. एका केंद्राने वर्षअखेरच्या अहवालात बायकांची नावं छापली, तो अहवाल सभेत वाटला गेला आणि आठवड्यात दोघींच्या सासरी पोचला. पुढे त्या दोघी केंद्रात आल्याच नाहीत.

दुसरी गोष्ट कामाच्या मोजमापाची. आपल्याकडे समुपदेशन केंद्राला हमखास विचारतात, किती संसार जोडले? हा रकाना अहवालात ठेवूच नका. समेटाच्या आकड्यावर पुढच्या वर्षीचं अनुदान ठरणार असेल तर समुपदेशक नकळत बाईला परत पाठवायला लागते. मग मार खाऊन आलेल्या बाईला, लेकरांकडे बघून सांभाळून घे, हे सरकारी पैशाने ऐकवलं जातं. समेट बाईला हवा असेल तर जरूर करा, लेखी करा, आणि तीन महिने तिच्या घरी जाऊन विचारपूस करा. मोजायचं असेल तर हे मोजा: रात्रीचे किती फोन उचलले गेले, किती घटना अहवाल दाखल झाले, किती जणींना अंतरिम पोटगी किंवा राहण्याचा आदेश मिळाला, तीन महिन्यांनी किती जणींची खबर केंद्राला होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण दर चौघींमागे एकीने नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला होता. तुमच्या शहरातल्या बायकांची संख्या त्या हिशेबाने काढून पाहा आणि ठरावाच्या प्रास्ताविकात घाला. वर्षाला पाच बायका येत असतील तर केंद्र नीट चालत नाहीये, गाव शांत आहे असा त्याचा अर्थ नाही.

तुम्ही स्वतः काय करू नये, तेही लिहिते, कारण तुमचा जीव या कामात आहे हे प्रश्नावरून दिसतं. बाईला पुन्हा घरी ठेवू नका आणि बैठकीला पंच म्हणून बसू नका. नवराही तुमचाच मतदार असतो, त्याच्या भावकीत तुमच्या वॉर्डातली पन्नास मतं असतात, आणि दोन्हीकडचे लोक तुमच्या घरच्यांवर दबाव आणतात. तुमचं बळ अंदाजपत्रकाच्या सभेत वापरा. केंद्र सुरू होईपर्यंत कुणी बाई आलीच, तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करा, ग्रामीण रुग्णालयात जखमांची नोंद करून घ्या आणि ती स्वखुशीने घराबाहेर पडलीय असा तिच्या सहीचा अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. ही पोच नसली की पळवून नेली, डांबून ठेवली असे आरोप होतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर कुठलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, तेव्हा त्यांना फोन करायला बिचकू नका. आणि परत गेलेल्या त्या बाईकडे एखाद्या ओळखीच्या बाईमार्फत निरोप पोचवता आला तर पोचवा की पुन्हा वेळ आली तर सोबत यायला माणूस आहे. बायका पहिल्या खेपेला परत जातात, हे या कामात नेहमीचं आहे. दुसऱ्या खेपेला दार उघडं आहे हे तिला माहीत असावं लागतं.

वेळेचं गणित असं धरा. अंदाजपत्रकाची तयारी डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. तोवर समितीचा ठराव, लेखापालांचा पाच टक्क्यांचा तक्ता, पंचायत समितीचं संमतीपत्र आणि दोन-तीन संस्थांची कागदपत्रं फाईलला लागलेली हवीत. हे सगळं जमवायला चार महिने लागतात. या वर्षीची सभा होऊन गेली असेल तर थांबू नका. समितीच्या अखर्चित रकमेतून पुनर्विनियोजन करून, म्हणजे ती रक्कम या कामाकडे वळवून, निदान समुपदेशक आणि तातडीची मदत एवढं सहा महिन्यांसाठी मंजूर करून घेता येतं का, ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा. लेखापालांचा तक्ता हातात आला की त्यातले आकडे इथेच लिहा. त्यावरून ठरावाचा मसुदा मी करून देते.